कोऱ्या कार्डाचा वास

नवं खोकं फोडलं की आतून एक छान वास येतो म्हणतात. नव्या प्लॅस्टिकचा, नव्या पुठ्ठ्याचा. मला तो कधी आला नाही. नऊ वर्षांत चारशेच्या वर यंत्रं मी खोक्यांतून बाहेर काढली आणि नाक मात्र बारमाही चोंदलेलं, असा हा सगळा प्रकार आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं मिरची-मसाल्याचं कांडप आहे. खाली कुटायची यंत्रं, वर आमचं घर. जन्मल्यापासून मी तिखटाच्या धुरळ्यात शिंकत वाढले, त्याला नाक तरी काय करणार?

मी शिवांजली साळोखे. बाजारात येऊ घातलेल्या वस्तूंवर दर रविवारी 'पहिली भेट' नावाचं सदर लिहिते. माझे नियम दोनच. चार दिवस वापरायचं आणि पाचव्या दिवशी लिहायचं, हा पहिला. एकदा लिहिलं की त्यातला शब्दही फिरवायचा नाही, हा दुसरा. समोरच्या माणसाचं नाव कानात सांगणारा चष्मा मी घालून पाहिलाय, त्यानं एका लग्नात माझ्या दोन मावशांची अदलाबदल केली होती. दूध संपलं की आपणहून मागवणारा आणि आपण गावाला गेलो तरी मागवतच राहणारा फ्रिज पाहिलाय. जे दिसलं ते लिहिलं. वाचक माझ्यावर विश्वास ठेवतात तो या दुसऱ्या नियमामुळे, असं मी अभिमानानं सांगत असे. आता जरा जपून सांगते.

मार्चअखेरीस 'परिमळ' आलं. ऐन चटणीच्या दिवसांत. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढतात ती नव्हे. वर्षभराचा कांदा-लसूण मसाला म्हणजे चटणी. उन्हं तापली की घरोघरच्या बायका वाळवलेल्या मिरच्या घेऊन कांडपावर येतात. धने, तीळ, खोबरं, दगडफूल भाजायचं, मिरचीबरोबर कुटायचं आणि बरणीत भरून वर्षाची काळजी मिटवायची. चटणी बिघडली तर त्या घराचं वर्ष बिघडलं.

परिमळ दिसायला पानाच्या डब्याएवढं. पुढे जाळी, मागे एक दिवा. पुण्याच्या नाझनीन मुजावर नावाच्या मुलीनं दहा जणांना हाताशी धरून ते बनवलेलं. फोनवर तिनं मला त्याचं तंत्र सांगितलं ते मला फार आवडलं.

"आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशींचे सुमारे चारशे प्रकार असतात, ताई," ती म्हणाली. "पण एका वासाला एक पेशी असं नसतं. पेटीवर एकदम तीन-चार सूर धरतो तसं आहे. धन्याच्या वासानं काही पट्ट्या दाबल्या जातात, खवट तेलानं दुसऱ्या. कुठल्या पट्ट्या एकत्र दाबल्या गेल्या त्यावरून मेंदू वास ओळखतो."

"आणि तुमचा डबा?"

"डासांच्या आणि पतंगांच्या अंगावर वास टिपणारी प्रथिनं असतात. ती आम्ही प्रयोगशाळेत तयार करतो आणि कार्बनच्या अगदी पातळ पट्टीवर बसवतो. हवेतला रेणू येऊन प्रथिनाला चिकटला की त्या पट्टीतून जाणारी वीज किंचित बदलते. अशा एकशे साठ पट्ट्या आहेत. त्या सगळ्यांचा मिळून जो सूर लागतो तो आमचं सॉफ्टवेअर ओळखतं. डासाला अंधारात माणूस सापडतो, ताई. त्याला खवट खोबरं सापडायला काय हरकत आहे?"

मला हसू आलं. पण यंत्र तपासायचं म्हणजे त्याच्यासमोर एक खात्रीचं माप हवं. तराजू तपासायचा तर वजन खरं लागतं. वासाचं खरं वजन माझ्या घरातच होतं. माझे वडील, केरबा साळोखे. कोल्हापुरात त्यांना 'नाक' म्हणून ओळखतात. भाजणी एका चिमटीत घेऊन "अजून दोन मिनिटं" असं सांगणारे आप्पा. मोठ्या हॉटेलांचे आचारी त्यांच्याकडे पुड्या घेऊन येतात. गेल्या तीन वर्षांत त्यांनी एक नवी रीतही पाडली होती. भाजणी झाली की आधी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, "वैनी, चटणी तुमची, पहिला वास तुमचा," असं म्हणायचं, आणि मग स्वतः चिमूट उचलायची. बायकांना याचं कोण कौतुक! एवढा मोठा माणूस, पण मान कसा देतो बघा.

परिमळाच्या खोक्यात आठ पांढरी कार्डं होती. 'घरओळख' नावाची ती पहिली पायरी. कार्ड नखानं खरवडायचं, घरातल्या प्रत्येकानं वास घ्यायचा आणि कशाचा ते सांगायचं, म्हणजे या घरातली नाकं कशी आहेत ते यंत्राला कळतं. वीस मिनिटांचं काम. मी फोनच्या पडद्यावर 'नंतर' हे बटण दाबलं. यंत्रं तपासणारी माणसं हे बटण डोळे मिटून दाबतात, कारण आम्हाला वाटतं ओळख यंत्राची करून घ्यायची असते, आमची नाही.

मग वीस बाटल्या भरल्या. धने कच्चे, नीट भाजलेले, करपलेले. तीळ, खोबरं, दगडफूल, नाकेश्वर म्हणजे नागकेशर, हिंग, मेथी, आणि चार तयार चटण्या. आई तेव्हा घरात नव्हती. तिच्या भाचीचं बाळंतपण होतं, म्हणून ती पंधरा दिवस गडहिंग्लजला गेलेली. नाहीतर कांडपावर ती कायम आप्पांच्या डाव्या हाताला उभी असते.

"आप्पा, डोळ्याला पट्टी बांधतो हं तुमच्या." कोल्हापूरच्या मुली बोलताना 'आलो-गेलो'च करतात, तसंच लिहिते.

"पट्टी?" आप्पा उखडले. "मी काय आंधळी कोशिंबीर खेळायला बसलोय? चाळीस वर्षं उघड्या डोळ्यानं धंदा केलाय. ठेव हितं."

मी पट्टी बाजूला ठेवली. बापाला कोण पट्टी बांधणार? आप्पांनी एकेक बाटली उजेडात धरली, दोन दाणे बोटांत चुरडले, नाकाशी नेले आणि निकाल दिला. मी तो लिहून घेतला. मग तीच बाटली परिमळापुढे धरली. वीसपैकी अकरा ठिकाणी दोघांचं जमलं. नऊ ठिकाणी जमलं नाही. आप्पा म्हणाले, खोबरं उत्तम. डबा म्हणाला, खवट. आप्पा म्हणाले, दगडफूल बेळगावचं, एक नंबर. डबा म्हणाला, बुरशी.

"ह्या डब्याला सर्दी झालीया," आप्पा म्हणाले आणि खाली निघून गेले.

रविवारी लेख आला. मथळा 'नाकापेक्षा मोती जड'. वीसपैकी अकरा गुण. "चांगल्या खोबऱ्याला खवट म्हणणारं यंत्र स्वयंपाकघरात ठेवण्यापेक्षा शेजारच्या काकूंना बोलवा," असं मी लिहिलं होतं. सोबत आप्पांचा फोटो, खाली ओळ 'कोल्हापूरचं नाक'. लेख भलताच गाजला. आप्पांनी त्याची छापील प्रत कांडपावर गल्ल्यामागे चिकटवली.

बुधवारी नाझनीनचं पत्र आलं. त्यात रागाचा एक शब्द नव्हता, म्हणूनच मला ते टोचलं. लेखानंतर दुकानांच्या एका साखळीनं त्यांचा माल घ्यायचं थांबवलं होतं. पुढच्या महिन्यात काम चालू ठेवायचं की नाही ते त्यांना येत्या आठवड्यात ठरवायचं होतं. शेवटी लिहिलं होतं, "तुमच्या वडिलांच्या नाकावर माझी शंका नाही, ताई. त्या नऊ बाटल्या अजून ठेवल्या असतील तर तिसऱ्या कुणाला तरी एकदा वास देऊन बघाल का? आमचं चुकलं असेल तर कुठे चुकलं ते मला कळायला हवंय."

नापास झालेल्याला परीक्षकच चुकलेला वाटतो, असं मनात म्हणत मी पत्र बंद केलं. पण ते 'कुठे चुकलं ते कळायला हवंय' डोक्यातून जाईना. मी त्या नऊ बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि बराच वेळ बघत बसले. कच्चे धने, करपलेले तीळ, लालसर मेथी यांच्या बाटल्या या नऊत नव्हत्या. तिथं दोघांचं एकमत होतं. म्हणजे ज्यांचा फरक डोळ्यांना दिसतो, बोटांना लागतो, त्या सगळ्या जुळल्या होत्या. न जुळलेल्या नऊ दिसायला अगदी चांगल्या. त्यांची खोड फक्त वासात कळली असती. अशी नेमकी निवड करून चुकणारं यंत्र मी आजवर पाहिलं नव्हतं. एक शंका आली, पण मी स्वतःला सांगितलं, तसं काही नसेल.

गुरुवारी दुपारी कांडप बंद असताना मी ती आठ कार्डं काढली. आधी मी बसले. आठही कार्डांना मी 'काही नाही' म्हटलं, कारण मला काहीच आलं नाही. निकाल आला, शिवांजली, आठपैकी एक. तो एकही कशाबद्दल मिळाला ते बघितलं नाही.

"आप्पा, बसा की. गंमत हाय एक."

"डबा अजून हितंच हाय?" आप्पा बसले.

पहिलं कार्ड त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. पांढरं. अंगठ्यानं चोळलं. कानाशी नेलं. मग नाकाशी धरून माझ्याकडे बघत राहिले. ते माझ्या चेहऱ्याकडे बघताहेत हे मला तेव्हा कळलं. चेहरा वाचताहेत. आणि माझं नाक चोंदलेलं, मला त्या कार्डाचं काहीच कळलेलं नव्हतं, त्यामुळे चेहऱ्यावर वाचण्यासारखं काही नव्हतंच.

"धनं," ते म्हणाले.

दुसरं जिरं. तिसरं लवंग. चौथं हिंग. प्रत्येक उत्तराआधी आप्पांची नजर माझ्या भुवयांवरून, नाकावरून, ओठांवरून फिरत होती. पाचव्या कार्डाला ते फार वेळ थांबले.

"वेलदोडा. हिरवा हाय. चांगला माल हाय," ते म्हणाले.

आठही झाली. पडद्यावर निकाल आला. पहिलं कार्ड लिंबाचं होतं, दुसरं कापराचं, तिसरं शेणाच्या गोवरीचं. पाचव्यापुढे लिहिलं होतं, 'कोरे कार्ड. यावर कोणताही वास लावलेला नाही.' मला मिळालेला एक गुण याच कार्डाचा होता. खाली आणखी एक ओळ होती, 'केरबा : आठपैकी शून्य. या व्यक्तीला वास येत नसावा. कृपया डॉक्टरांना दाखवा.'

मी फोन पालथा घातला. उशीर झाला होता, आप्पांनी वाचलं होतं.

"कवापासनं, आप्पा?"

ते कार्डांची चवड नीट लावत बसले. मग म्हणाले, "तीन वर्सं झाली. त्यो ताप आल्ता बग, आठ दिवस. उठलो आणि चहा पाण्यागत लागला. वाटलं, येईल चार दिसांत. न्हाई आलं."

"आणि सांगितलं नाही?"

"कुणाला सांगू? गवंड्यानं सांगावं व्हय, की मला वळंबा दिसत न्हाई म्हणून?" आप्पांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "धनं तडतडत्यात ती कळत्यात कानाला. तीळ रंगावर कळत्यात. खोबरं गुलाबी झालं की काढायचं. आणि बाईच्या तोंडाकडं बघायचं. चटणी चांगली झाली की बाईच्या नाकपुड्या फुलत्यात, अंजे. खोटं न्हाई बोलत त्या."

पहिला वास तुमचा! मी त्या रीतीवर लेखात अख्खा परिच्छेद लिहिला होता. मला बापाचा राग आला, माझा आला, आणि त्या दोघांपेक्षा जास्त रडू आलं. तीन वर्षं माणूस माझ्यासमोर जेवत होता आणि त्याला आमटीची चव लागत नव्हती, हे चारशे यंत्रं तपासणाऱ्या मला कळलं नाही.

शुक्रवारी आई आली. पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच तिनं नाक वर केलं.

"खोबऱ्याचं पोतं कुणी घेतलं ह्ये?"

आईनं पोत्यात हात घातला, एक वाटी मोडून हुंगली आणि कपाळाला हात लावला. "मी पंधरा दीस काय गेलो, तर खवट पोतं घरात! माझी वाट बघायची न्हाई?"

म्हणजे आईला ठाऊक होतं. अर्थात होतं. तीन वर्षं ती डाव्या हाताला उभी राहून खोकत होती. एकदा खोकली की भाजणी झाली, दोनदा खोकली की माल परत. मी ते खोकणं तिखटाचं समजत होते.

नऊ बाटल्या मी आईपुढे ठेवल्या. आठ बाटल्यांत परिमळ बरोबर निघालं. नवव्या बाटलीतल्या नाकेश्वराला त्यानं 'रंगाचा डबा' म्हटलं होतं, तेवढं चुकलं. वीसपैकी एकोणीस.

"आता काय करणार हाईस?" आईनं विचारलं.

ते मला तरी कुठे माहीत होतं? लेख दुरुस्त करायचा तर चूक कशी झाली ते सांगणं आलं. नुसतं 'तपासणीत चूक झाली' म्हटलं, तरी तपासणीचं माप कोण होतं ते फोटोसकट छापलेलं होतं. तो चिकटवलेला कागद कांडपात येणाऱ्या प्रत्येक बाईला दिसत होता. आणि गप्प बसायचं, तर अकरा माणसांचं काम माझ्या एका खोट्या आकड्यानं बसणार होतं. माझा दुसरा नियम, शब्द न फिरवण्याचा, आता मला फार सोयीचा वाटायला लागला. तो इतका सोयीचा वाटला, तेव्हाच त्याच्यात खोट आहे हे मला कळलं.

शनिवारी आप्पांना डॉक्टरबाईंकडे नेलं. वास हळूहळू गेला असता तर दुसऱ्या आजारांची काळजी करावी लागली असती, पण एका तापात एकदम गेला म्हणजे नाकाच्या छतातल्या पेशी मेल्या असाव्यात, असं त्या म्हणाल्या. रोज चार ठरावीक वास हुंगायचा सराव करा, थोडंफार परत येतं, नाहीही येत. तीन वर्षं म्हणजे उशीर झालाय. आप्पांनी मान हलवली.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "त्या पोत्यातलं खोबरं तीन घरांत गेलंय. शालन पाटलीण, जोशी वैनी आणि कुंभार गल्लीतली ती नवी सून."

"मी फोन करतो त्यांना."

"फोन नको. मी जातो."

आणि ते गेले. कुणाच्या दारात काय बोलले ते मला माहीत नाही. तिन्ही घरच्या बरण्या घेऊन आले, एवढं मी पाहिलं. संध्याकाळी वर येऊन माझ्या टेबलाजवळ उभे राहिले.

"काय लिवायलीस?"

"काहीच न्हाई अजून."

"माझ्या नावानं लिवलंस, तर माझ्याच नावानं खोड," आप्पा म्हणाले. "ती पुण्याची पोरगी डबा घेऊन घरी बसली तर मला काय गोड लागणार हाय? तसं आता काहीच लागत न्हाई म्हणा." स्वतःच्याच बोलण्यावर ते हसले. मला हसता आलं नाही. "आणि फोटो ठेव त्योच. चांगला आलाय."

रविवारच्या लेखाचा मथळा होता 'माप चुकीचं होतं'. नऊ वर्षांत पहिल्यांदाच शब्द मागे घेतेय, असं सुरुवातीलाच लिहिलं. बाकी जसं घडलं तसं लिहिलं, 'नंतर' या बटणासकट. खाली आप्पांचं एक वाक्य त्यांच्या तोंडचं, "मला तीन वर्सं वास येत न्हाई. ज्यांची चटणी माझ्यामुळं बिघडली असंल त्यांनी बरणी घेऊन यावं." नाझनीनला आधी फोन केला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आप्पांना सांगा, कोऱ्या कार्डाला आजवर पुष्कळ लोक काहीतरी वास सांगतात. एकटेच नाहीत ते."

दुकानांची साखळी परत आली की नाही? आठवड्यानं आली, थोडाच माल मागवून. मला काळजी होती ती सोमवारची.

सोमवारी सकाळी कांडप उघडलं. नऊ वाजले, कोणी नाही. साडेनऊला समोरून दोघी जणी मिरच्यांची पोती घेऊन पुढच्या कांडपाकडे गेल्या. आप्पांनी ते पाहिलं आणि यंत्राला उगाच तेल घातलं. आई डाव्या हाताला उभी होती. आता खोकायचं काही कारण नव्हतं, तरी ती तिथंच उभी होती.

दहाला शालन पाटलीण आल्या. त्यांचीच चटणी बिघडलेली. नव्या मिरच्या आणल्या होत्या. त्यांनी पोतं टेकवलं. आप्पांनी धने भाजले, तीळ भाजले, खोबरं भाजलं. कढईपाशी वाकून धन्याचं तडतडणं ऐकलं. मग घमेल्यातली चिमूट सवयीनं उचलली आणि हात मध्येच थांबला.

"वैनी, मला काही येत न्हाई," ते म्हणाले. "तुमीच सांगा."

आख्ख्या कांडपात त्यांनी हे पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. शालनकाकूंनी चिमूट घेतली, हुंगली, आणि त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. मीही पाहिलं.

"तीन वर्सं मीच तर सांगत आलोय की वो तुमाला," त्या म्हणाल्या. "कुटायला घ्या. मला उन्हाच्या आत घरी जायचंय."

आप्पांनी यंत्र चालू केलं. आवाज इतका झाला की त्यांनी डोळे पुसले ते तिखटानंच, असं म्हणायला जागा राहिली. बाराच्या सुमाराला आणखी चार जणी आल्या. पुढच्या कांडपाकडे गेलेल्या दोघी काही त्या दिवशी परतल्या नाहीत, पुढच्या आठवड्यात त्यांतली एक आली.

परिमळ मी परत पाठवणार होते. आप्पा म्हणाले, राहू दे चार दिवस. गिऱ्हाइकासमोर ते त्याला हात लावत नाहीत. दुपारी वर आले की घेऊन बसतात आणि घरभर फिरवतात. डबा एकेक सांगतो, 'साबण', 'ओला टॉवेल', 'हापूस, दोन दिवसांनी पिकेल'. आप्पा प्रत्येकाला मान डोलावतात. बऱ्याच दिवसांनी गावाकडची माणसं भेटावीत तसा त्यांचा चेहरा होतो. डॉक्टरांनी दिलेला सरावही करतात. परवा लवंग हुंगताना "काहीतरी टोचलं," म्हणाले. वास होता की नुसता तिखटपणा, ते त्यांना सांगता येईना. मी 'टोचलं' असंच वहीत लिहिलं.

काल आई दमून पलंगावर बसली होती. पदरानं तोंड पुसत होती. आप्पा डबा घेऊन तिच्याजवळ गेले आणि तिच्या खांद्याशी धरला.

"ओ, हे काय चावटपणा? पोरगी बसलीया समोर," आई म्हणाली.

डबा बोलला, "मिरची. धने. खोबरेल. आणि एक अनोळखी वास."

"अनोळखी?" आप्पा म्हणाले.

"हा वास माझ्या यादीत नाही. तुम्ही याला नाव देऊ शकता."

डबा मागचा दिवा लावून वाट बघत राहिला. आमच्या घरात आप्पांनी आईचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, एरवी 'अगं' आणि 'ए'. आप्पा त्या जाळीच्या अगदी जवळ वाकले. तीन वर्षं त्यांना धन्याचा वास आला नाही, खोबऱ्याचा आला नाही, त्याबद्दल ते एकदाही रडले नव्हते.

"हौसा," ते जाळीत म्हणाले. मग डब्याला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, "हौसा."

"नोंद झाली," डबा म्हणाला.

आईनं नुसता पदर सारखा केला. आप्पा डबा दोन पावलं लांब घेऊन गेले, मग परत आणला आणि तिच्या खांद्याशी धरला. डब्यानं या वेळी मिरची सांगितली नाही, धने सांगितले नाहीत, सगळ्यात आधी तिचं नाव सांगितलं. आप्पांनी ते सहा वेळा केलं. मी मोजलं, कारण यंत्र तपासताना मोजायचं असतं.